बंदराकडे जाणारा रस्ता

बेळगावातून हिंडलग्याच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या रस्त्याला आम्ही आजही वेंगुर्ला रोड म्हणतो. म्हणणाऱ्यांपैकी वेंगुर्ल्याला जाणारे थोडेच. कुणाला हिंडलग्याला उतरायचे असते, कुणाला सुळग्याला, फार तर शिनोळीला. पण नाव काही उगीच पडलेले नाही. एकेकाळी बेळगावच्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरत असे आणि बैलगाड्यांनी घाट चढून याच रस्त्याने वर येत असे. पुढे रेल्वे आली, मुरगाव बंदर जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. माल यायचा थांबला तरी रस्त्याचे नाव राहिले. त्याच घाटाने १९६० साली माझी आई लग्न होऊन वर आली.

२०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, तुमच्या निवृत्तीचं काहीच केलं नव्हतं. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझची तीन तिकिटं काढलीत. तुम्ही, आई आणि आजी. मे महिन्यात. गोव्यालाच उतरायचं."

मी फोन ठेवला आणि हिला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून विचारले, "अहो, गोव्याला जायला मुंबईला जायचं?"

प्रश्न बिनतोड होता. बेळगावच्या माणसाला गोवा म्हणजे शेजारचे अंगण. चोर्ल्याच्या घाटाने निघाले तर तीन-साडेतीन तासांत पणजी. सकाळी नाष्टा करून निघालेला माणूस दुपारी मासे खाऊन रात्री झोपायला घरी येतो. आणि आम्ही आधी पाचशे किलोमीटर उत्तरेला जाऊन, तिथून बोटीत बसून, पुन्हा शेजारच्या अंगणात उतरणार! ही बातमी गल्लीत पसरायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. आमच्या गाडीचा मेस्त्री म्हणाला, "सर, जावा की मजेनं. खरं उद्या खानापूरला जायचं झालं तर दिल्लीवरनं जाऊ नका."

आई मात्र हसली नाही. तिने एवढेच विचारले, "बोट भाऊच्या धक्क्यावरनं सुटणार काय?"

भाऊचा धक्का हे नाव आईच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तिचा थोरला भाऊ, आमचा अण्णामामा, १९५३ च्या मे महिन्यात वेंगुर्ल्याहून बोटीने मुंबईला गेला, गिरणीत कामाला. पावसाळ्यात बोटी बंद असत, म्हणून मेअखेरच्या बोटींना ही गर्दी. आई तेव्हा अकरा वर्षांची. बोट काठाला लागत नसे, ती दूर खोल पाण्यात उभी राही आणि माणसांना पडावातून तिच्यापर्यंत नेत. आईने पडावातून बोटीपर्यंत जायचा हट्ट धरला होता. आजीने तो मोडून काढला. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाणारी रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली होती. त्यानंतर आजी पोरांना पाण्याजवळ जाऊ देत नसे. आई धक्क्यावरच उभी राहिली. पडाव बोटीला लागला, माणसे वर चढली. आई रुमाल हलवीत होती. अण्णाने काही हात हलवला नाही.

ही गोष्ट आईने आम्हा भावंडांना किती वेळा सांगितली असेल! दर वेळी शेवट एकच, "एकदा वळून तरी बघायचं होतं त्यानं." मामा नंतर दोनदा गणपतीला आला, पण तिने विचारले नाही. पुढे तिचे लग्न झाले. १९७१ मध्ये मामा मुंबईतच गेल्याचे पोस्टकार्ड आले. विचारायचे ते राहून गेले.

राहून जाण्याचा दोष मी फक्त आईला देऊ शकत नाही. १९८५ मध्ये मी शाळेत कायम झालो, तेव्हा आई म्हणाली होती, "एकदा मला बोटीनं मुंबईला ने. अण्णा कुठं उतरला ते बघूया." मी म्हणालो, "पुढच्या मे महिन्यात नक्की." त्या मे महिन्यात पेपर तपासणी होती. त्याच्या पुढच्या मे महिन्यात बहिणीचे लग्न. मे दर वर्षी येत होता आणि दर वर्षी मला काही ना काही काम असे. ऐंशीचे दशक संपता संपता कोकण किनाऱ्याची ती बोटवाहतूकच बंद पडली. मला, खरे सांगतो, थोडे सुटल्यासारखे वाटले. आता बोटच नाही म्हटल्यावर न नेल्याचा दोष माझा कसा? आणि आता, एकोणचाळीस वर्षांनी, तिकिटे हातात आली होती.

मी एक दोनशे पानी वही आणली. निवृत्त मास्तराला दुसरे काय सुचणार! पहिल्या पानावर मुलाने सुचवलेला मार्ग लिहिला. संकेश्वर, निपाणी, कागल, कोल्हापूर, कराड, सातारा, पुणे आणि मग द्रुतगती मार्गाने मुंबई. रस्ता चौपदरी, टोलनाके बरेच, पण फास्टॅगमुळे खिशात हात घालायला नको. पुण्यात मुलाकडे एक मुक्काम. सरळ, शहाणा मार्ग. मी तो संध्याकाळी चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवला.

आईने विचारले, "या वाटेनं समुद्र कुठं लागतो?"

"लागत नाही. एकदम मुंबईतच."

"मग हा बंदराला जायचा रस्ता कसा?"

याला उत्तर नव्हते. मी पान उलटले आणि दुसरा मार्ग लिहायला घेतला. आमच्याच वेंगुर्ला रोडने निघायचे. बाची, शिनोळी, पाटणे फाटा, चंदगडचा मुलूख, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला. साधारण सव्वाशे किलोमीटर. पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी कुडाळ, कणकवली, राजापूर, रत्नागिरी. तिसऱ्या दिवशी संगमेश्वर, चिपळूण, मग कशेडीचा घाट टाळणाऱ्या नव्या बोगद्यातून महाड. चौथ्या दिवशी माणगाव, पेण आणि मुंबई. एकूण सव्वासहाशे ते साडेसहाशे किलोमीटर. आई पलीकडे बसून जुन्या बोटींची बंदरे म्हणत होती. मालवण, देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै. परवचा म्हणावी तशी. महामार्ग ही सगळी बंदरे डाव्या हाताला दूर ठेवून जातो हे मी तिला सांगितले नाही. वहीत रत्नागिरीपुढे 'संध्याकाळी मांडवी' एवढे लिहून ठेवले.

मुलगा फोनवर चिडला. "बाबा, आजी ब्याऐंशीची आहे. मे महिना. मुंबई-गोवा रस्त्याचं काम २०११ पासून चाललंय. चार दिवस गाडीत बसवणार तिला?"

त्याचे खोटे नव्हते. मी डॉक्टरांकडे गेलो. ते आधी नको म्हणाले. मग माझी वही बघून त्यांनी पेन काढले आणि दुरुस्त्या केल्या. सकाळी साडेपाचला निघायचे, अकराच्या आत थांबायचे, चारशिवाय पुन्हा निघायचे नाही. दर तासाने पाच मिनिटे खाली उतरून चालवायचे, नाही तर पाय सुजतात. रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवायच्या, एक पिशवीत, एक हिच्या पर्समध्ये. मीठ-साखरेचे पाणी. शेवटी म्हणाले, "त्यांना जायचंय ना? मग न्या. पण सगळ्यांत आधी मुंबईत एक दिवस राखून ठेवा. गाडी बिघडली तर बोट थांबणार नाही."

हा सल्ला मोलाचा होता. एसटी चुकली तर मागून दुसरी येते. बोटीचे तसे नाही. मी वहीत पाचवा दिवस वाढवला आणि लालबागला मावसभावाकडे मुक्काम ठरवला.

मेस्त्रीने आमची नऊ वर्षांची वॅगन-आर तीन दिवस ठेवून घेतली. रेडिएटरचा होज फुगला होता तो बदलला. कूलंट, ब्रेक, व्हील अलाइनमेंट. स्टेपनीत हवाच नव्हती. "सर, आंबोलीत उतरताना दुसऱ्या गेरमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका," असे त्याने मला तिसरीतल्या मुलाला सांगावे तसे दोनदा सांगितले.

कागदपत्रांनी जरा घोळ घातला. आईच्या आधार कार्डावर नाव कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, तिकिटावर मुलाने घातले ते आम्ही घरात लिहितो तसे. एक अक्षर कमी. ते दुरुस्त करून घ्यायला चार फोन लागले. कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९४२. आई म्हणाली, "मी आषाढातली. खरं सरकारनं मला थंडीत जन्माला घातलंय."

राहता राहिली गाडी. आम्ही मुंबईत बोटीत बसलो आणि मुरगावला उतरलो की गाडी मुंबईतच! ही गोष्ट तीन महिन्यांत कुणाच्या डोक्यात आली नव्हती. निघायच्या आदल्या आठवड्यात हिने विचारले आणि सगळे गप्प झाले. अखेर मुलाने मुंबईला येऊन गाडी पुण्याला न्यावी आणि पुढे सवडीने बेळगावला आणावी असे ठरले. आम्ही मुरगावहून टॅक्सीने घरी.

प्रवासाचे वर्णन करीत नाही. ते बरेचसे वहीप्रमाणे झाले, आणि झाले नाही तिथे राखून ठेवलेला दिवस कामी आला. पेणच्या अलीकडे अडीच तास एका जागी उभे होतो. आंबोली उतरून सावंतवाडीकडची दमट हवा लागताच आई मालवणी बोलू लागली, एवढे मात्र सांगायला हवे. वेंगुर्ल्याच्या चहावाल्याला तिने विचारले, "बंदरार जावची वाट हीच मां?" तो म्हणाला, "हीच गे आजी." मला तिच्या आवाजातली ती मुलगी पहिल्यांदाच ऐकू आली. धक्क्यावर ती दहा मिनिटे उभी राहिली, एका जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "बोट थय उभी रव्हायची," आणि गाडीत येऊन बसली.

मुंबईत अटल सेतूने शिरलो. २०२४ च्याच जानेवारीत खुला झालेला हा पूल शिवडीला उतरतो आणि तिथून गोद्यांच्या कडेने माझगाव जवळ. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी आईला भाऊच्या धक्क्यावर नेणे सोपे गेले. ज्यांनी हा धक्का बांधला त्या भाऊ अजिंक्यांचे नाव त्याला अजून आहे. रेवस-मोऱ्याच्या लाँचेस, मासळीच्या टोपल्या, बर्फाच्या गाड्या. आई एका बाकावर बसली. मला वाटले होते ती रडेल. ती म्हणाली, "वास वेंगुर्ल्यासारखाच आहे. म्हणजे अण्णाला इथं परकं वाटलं नसणार."

क्रूझ सुटते ती तिथून नव्हे, बॅलार्ड पिअरहून. चाकाच्या खुर्चीतून आईला वर नेले. बोट कसली, बहुमजली इमारतच ती! संध्याकाळी आम्ही डेकवर कठड्यापाशी होतो. बोट हलली. मुलाचा फोन आला, "बाबा, मी गेटवेला उभा आहे. आजीला सांगा, हात हलवतोय."

मी फोन आईच्या कानाला लावला. गेटवे समोर आला. कमान दिसत होती, मागचे ताजमहाल हॉटेल दिसत होते. काठाला माणसांची एक करडी रेघ. आईने चष्मा पुसून पाहिले, मी पाहिले, हिने पाहिले. नातू फोनवर सांगत होता, "आजी, पांढरा शर्ट! दोन्ही हात वर केलेत बघ!" आई फोनमध्ये म्हणाली, "दिसलास हो, दिसलास." आणि फोन माझ्या हातात दिला.

मग बराच वेळ ती काठाकडे बघत होती. गेटवे मागे पडला. ती म्हणाली, "एवढं डोळे ताणून बघितलं, खरं वरनं खालचा माणूस ओळखूच येत नाही रे."

"हो."

"मग अण्णाला तरी मी कुठनं दिसले असणार?"

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने ती स्वतःशीच म्हणाली, "हलवला असेल त्यानं पण हात. मलाच दिसला नसेल." एवढे बोलून तिने शाल सारखी केली आणि जेवण किती वाजता असते ते विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगाव, आणि अनमोड घाटाने दुपारी घरी. गल्लीतल्यांनी विचारले, "काय सर, लांबचा गोवा कसा होता?" मीही हसलो. वहीचे शेवटचे पान खर्चाच्या बेरजेसाठी ठेवले होते. ती बेरीज अजून केलेली नाही.