पन्नाशीनंतरचं ट्रायथलॉन: वेळ कुठून येतो आणि थांबायचं कधी?



या पानावर आपण एरवी रक्तदाब, मधुमेह, पित्त, ताप यांबद्दल बोलतो. आज थोडं माझ्याबद्दल बोलणार आहे, कारण गेल्या दोन वर्षांत ओपीडीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आजाराचा नाही. "डॉक्टरसाहेब, या वयात हे कशाला? आणि वेळ कुठून काढता?" काही जण दुसरा प्रश्न कौतुकाने विचारतात. काही जण, विशेषतः बाहेर तासभर बाकावर बसून आलेले, तो वेगळ्या सुरात विचारतात. दोघांनाही उत्तर द्यायला हवं.

आधी हे काय आहे ते सांगतो. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं, एकापाठोपाठ एक. याचा सर्वांत प्रसिद्ध लांब पल्ला १९७८ साली हवाई बेटांवर सुरू झाला: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन, ४२.२ किलोमीटर. पहिल्या वर्षी १५ जण निघाले, १२ पोचले. याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर सुरू झाली: १.९ किलोमीटर समुद्रात, ९० सायकलवर, २१.१ पायांवर. माझी तयारी या निम्म्या अंतराची आहे. पूर्ण अंतराची हौस मला नाही.

आता आपल्या बीडमध्ये हे करायचं कसं? सायकलला अडचण नाही. पालीच्या बिंदुसरा धरणावरून मांजरसुंब्याचा घाट चढून परत आलं की पायांना काम मिळतं. फक्त ट्रकांची वर्दळ वाढायच्या आत घरी पोचायचं. पळायला सोबतही भरपूर. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सोळाशे मीटरच्या फेऱ्या मारत असतात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्णपदक आणल्यापासून त्यांचा हुरूप वाढलेला दिसतो. मला ते "काका, साइड" म्हणून ओलांडून जातात. त्यांच्या पळण्यावर नोकरी अवलंबून आहे, माझ्या पळण्यावर काहीच नाही, हा फरक मी विसरत नाही.

खरी अडचण पाण्याची. मी लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, आजही सराव शेतातल्या विहिरीतच करतो. विहिरीत सरळ पोहायला जागा कुठली? म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबा एकमेकींना जोडून एक टोक कमरेला आणि दुसरं पायरीच्या लोखंडी कडीला बांधतो. हात मारत राहायचं, जागचं हलायचं नाही. कठड्यावर नेहमी एक माणूस बसलेला असतो, त्याशिवाय पाण्यात उतरत नाही. मार्चमध्ये पाणी खाली गेलं आणि गावात टँकर सुरू झाला की पोहणं बंद. प्यायच्या पाण्यात कसरत करायची नसते. त्यामुळे माझं वेळापत्रक पुस्तकात छापल्यासारखं कधीच नसतं, ते पाऊस ठरवतो.

वेळेचा हिशेब असा. आठवड्याला आठ-साडेआठ तास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे जास्तीत जास्त पाच तास. त्यापुढचा माझा वेळ आरोग्याचा नाही, आवडीचा आहे. हे स्पष्ट सांगतो, कारण माझ्याकडे बघून कुणी "इतकं जमत नाही, मग काहीच नको" असं म्हणू नये. तुम्ही रोज अर्धा तास भरभर चाललात तरी बहुतेक फायदा पदरात पडला.

हे तास झोपेतून काढायचे नाहीत, हा माझा पहिला नियम. रात्री साडेनऊला आडवं व्हायचं म्हणजे मालिका, गप्पांचे फड, वरातीनंतरची जेवणं, सगळं गेलं. रात्री पेशंटसाठी उठावं लागलं तर सकाळचा सराव रद्द. तरीही खरं सांगायचं तर सगळे तास माझ्या खिशातले नसतात. रविवारी मी चार तास सायकलवर असतो तेव्हा ऐंशी वर्षांच्या आईला उठवणं, आंघोळ, औषधं हे सगळं आमच्या घरच्या बाई बघतात. त्यांनी एकदा वहीत दोन रकाने आखून दाखवले, माझे तास आणि त्यांचे. तेव्हापासून बुधवारची आणि शनिवारची संध्याकाळ आई माझ्याकडे असते आणि त्या कुठे जातात हे मी विचारत नाही. तुमच्या घरी कुणी अशा छंदाला लागलं असेल तर ही वही जरूर आखा.

दुसरा पेच ऋतूचा. गोव्याची स्पर्धा दिवाळीच्या आगेमागे येते, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सराव सर्वांत जास्त हवा. नेमके तेच दिवस डेंग्यूचे आणि तेच दिवस ऊसतोडीला निघणाऱ्यांचे. "पाच-सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या" म्हणत माणसं येतात. तिकडे फडावर रक्तदाबाची गोळी संपली की ती पुन्हा सुरू होते ती गावी परतल्यावर, कधी अर्धांगाचा झटका आल्यावर. पहाटे अंधारात उठून दिवसभर वाकून कोयता चालवणाऱ्या बाईला "व्यायाम करा" सांगायची वेळ आली की माझी जीभ अडखळते.

यातूनच धर्मादाय पळण्याची कल्पना आली. आपल्याकडे हे नवीन नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये हजारो लोक संस्थांसाठी निधी गोळा करून पळतात. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी करून आले, तेही आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी. आणि बारामतीच्या लताताई करे! साठी ओलांडलेल्या, नऊवारीत, अनवाणी, नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. लोक ही गोष्ट प्रेरणादायी म्हणून सांगतात. आहेच. पण डॉक्टर म्हणून मला ती ऐकताना धस्स होतं. नवऱ्याची तपासणी व्हावी म्हणून बाईला जिंकावं लागलं, आणि छातीत कळ आली असती तरी ती थांबली असती का?

म्हणून आमचा नियम असा ठरला की पैसे आधी, पळणं नंतर. ६० मित्रांनी किलोमीटरमागे १० रुपये दिले. २१ किलोमीटरचे झाले १२,६०० रुपये. जेनेरिक गोळ्या दिवसाला दोन रुपये धरल्या तर ३५ जणांची सहा महिन्यांची सोय होते. रक्कम लहान आहे, पण पस्तीस माणसं मोजता येतात.

मागच्या वर्षी शर्यतीच्या पाच दिवस आधी मला ताप भरला, १०२. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी पळालो नाही. साधी सर्दी असेल तर हलका सराव चालतो, पण ताप, अंगदुखी, छातीतला खोकला असेल तर नाही. काही विषाणूंनी हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी जोराचा व्यायाम ठोक्यांची लय बिघडवू शकतो. एका देणगीदारांचा फोन आला, "पळालाच नाहीत, मग हिशेब कसा?" मी म्हटलं, गोळ्या वाटून झाल्या, तुमचे २१० रुपये मी देतो. त्यांनी घेतले. हरकत नाही. पैसे पोचण्यावर टांगलेले असतील तर माणूस थांबत नाही, आणि लांब पल्ल्यात थांबता येणं हेच औषध असतं.

कधी थांबायचं? छातीत जडपणा, जबडा किंवा हातात उतरणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप: लगेच. चाळिशीनंतर सुरुवात करण्याआधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्या. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अमेरिकेतल्या तीन दशकांच्या नोंदींत ट्रायथलॉनमधले बहुतेक अचानक मृत्यू पोहताना झालेले आढळले, म्हणून पाण्यात एकट्याने कधीच उतरू नका. शर्यतीआधी वेदनाशामक गोळी खाऊ नका. घामाने पाणी गेलेलं असताना ती मूत्रपिंडाला महागात पडते. नंतर लघवी चहाच्या रंगाची झाली तर घरी बसू नका. आणि नुसतं पाणी ढोसत राहू नका, तहान लागेल तसं प्या. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावकांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी झालेलं होतं, पाणी जास्त पिणं हे त्याचं एक मुख्य कारण. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर लांब व्यायामानंतर रात्री झोपेतही उतरू शकते, डोस विचारून ठरवा. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा दहाने जास्त आणि चिडचिड वाढलेली असेल तर तो दिवस विश्रांतीचा. चिडचिडीचं निदान घरचे आधी करतात.

यंदा कारखान्यावर जाणाऱ्यांसाठी गोळ्यांची पाकिटं दसऱ्याआधी तयार असतील. जुनी चिठ्ठी आणि उरलेल्या गोळ्यांची पट्टी घेऊन दुपारी दोन ते चार या वेळेत या, नंबर लावायची गरज नाही. तिकडे गेल्यावर महिन्यातून एकदा जवळच्या आरोग्य केंद्रात दाब मोजून आकडा फोनवर कळवायचा. फोन सकाळी आठनंतर करा, त्याआधी मी विहिरीत असतो.