स्कारबरोच्या आत्या

धायरीला आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर जे काका राहतात, त्यांची थोरली बहीण टोरांटोच्या स्कारबरो भागात असते. काकांची बहीण म्हणून आम्हा सगळ्यांची ती आत्या. पूर्वी थंडीत त्या माहेरी यायच्या, धारेश्वराचं दर्शन घ्यायच्या आणि जाताना भाजणी, मेतकूट बांधून न्यायच्या. माझं त्यांच्याशी नातं म्हणाल तर एवढंच, पण त्यांचं देणं मात्र मोठं आहे.

२०१९च्या शरदात मी न्यू जर्सीला भाच्याकडे होतो. आत्यांचा फोन आला, "इतक्या लांब आलायस आणि मला न भेटता जातोस की काय?" कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो. निघण्याआधीच मी तो काढला होता, आणि त्यासाठीचं निमंत्रणपत्रही त्यांनीच धाडलं होतं. कॅनडा म्हणजे नकाशात जरा वर, थंडी जास्त, बाकी सगळं अमेरिकाच, अशी माझी समजूत होती. ती घेऊनच मी स्कारबरोला पोचलो.

२१ ऑक्टोबरला तिथे संसदेची निवडणूक होती आणि नेमक्या त्याच दिवशी आपल्याकडे विधानसभेची. सकाळी काकांनी शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. आमच्या खडकवासला मतदारसंघातलं मतदान तेव्हा आटोपलंही होतं. आत्या मला मतदान केंद्राच्या दारापर्यंत घेऊन गेल्या. पाच मिनिटांत बाहेर आल्या. "एक कागद, थोडीशी नावं, शिसपेन्सिलीने एक फुली. झालं! रात्री हातानेच मोजतात." भाच्याच्या घरी नमुना मतपत्रिका आली होती, ती आठवली. न्यू जर्सीच्या विधानसभेपासून शाळा मंडळापर्यंतची नावं तिच्यात दाटीवाटीने बसवलेली. तिकडे २०२०च्या अध्यक्षपदासाठीचे वादविवाद जूनपासूनच रंगले होते. कॅनडात ११ सप्टेंबरला निवडणूक जाहीर झाली आणि चाळीस दिवसांत उरकली.

रात्री निकाल लागला. ३३८पैकी १५७ जागा मिळवून पंतप्रधान ट्रुडो पुन्हा आले, बहुमत नसताना. मी विचारलं, "आता फोडाफोडी?" आत्या हसल्या. "छे! प्रत्येक विधेयकाला इतरांची मनधरणी करतील. सभागृहात उभं राहून उत्तरंही द्यावी लागतील. पंतप्रधान आहेत ते, अध्यक्ष नव्हेत." संसदेतला प्रश्नोत्तरांचा तास त्या मालिकेसारखा बघायच्या. आपल्यासारखीच ब्रिटिश वळणाची लोकशाही तिथे आहे, हे मला अमेरिकेच्या इतक्या जवळ जाऊन कळलं. महिन्याभरात आपल्याकडे राष्ट्रपती राजवट, पहाटेचा शपथविधी असं सगळं झालं, तेव्हा त्यांचं हसणं आठवलं.

एकदा छातीत धडधड होते म्हणून मी त्यांना इस्पितळात नेलं. आरोग्यकार्ड दाखवलं, पाच तास बसवून ठेवलं, तपासलं, घरी सोडलं. पैशांचा शब्दही कुणी काढला नाही. तिकडे भाचा मुलाच्या मोडलेल्या हाताच्या बिलावरून विमा कंपनीशी महिनोन्‌महिने भांडत होता. पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षभर ताटकळल्याचंही आत्यांनीच सांगितलं.

त्या मुळीच भाबड्या नव्हत्या. १९७१मध्ये ट्रुडोंच्या वडिलांनी, तेव्हाच्या पंतप्रधानांनी, बहुसांस्कृतिकतेचं धोरण जाहीर केलं, त्याच्या पुढच्या वर्षी त्या तिथे पोचल्या. यजमान इंजिनिअर, पण 'कॅनडातला अनुभव' नाही म्हणून दोन वर्षं गोदामात राबले. "त्यांचे अमेरिकेत गेलेले मित्र तोवर साहेब झाले होते," आत्या म्हणाल्या. १९१४मध्ये भारतीय प्रवाशांसह व्हँकूवरच्या बंदरातून परत पाठवलेल्या कोमागाता मारू जहाजाची गोष्टही मला त्यांनीच सांगितली. त्याबद्दल संसदेत माफी मागायला २०१६ उजाडलं.

देशाला ना डोक्यावर घ्यायचं, ना पायदळी तुडवायचं, ही नजर मला त्यांनी दिली. आता त्यांना प्रवास झेपत नाही. मीच अधूनमधून भाजणी पाठवतो, पण तेवढ्याने काय फिटणार?

तुमची मुलंबाळं तिकडे असतील आणि जाणं झालं, तर नायगारा जरूर बघा. तो दोन्ही बाजूंनी दिसतो. पण तिथे पन्नास वर्षं काढलेलं एखादं आपलं माणूसही गाठा आणि त्याच्या शेजारी बसून निवडणुकीचा निकाल ऐका. देश त्या माणसाकडूनच कळतो.