भोवळ, घेरी, अंधारी

चक्कर ह्या एका अनुभवासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. भोवळ येते, घेरी येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, डोके गरगरते, तोल जातो, झोकांडी जाते. शब्दांच्या छटा शिकवण्यात ज्यांची वीसेक वर्षे गेली, त्या आम्हां दोघा अध्यापकांना ही यादी भाषेच्या श्रीमंतीची खूण वाटत आली आहे. घेरी म्हणणारा आणि अंधारी म्हणणारा एकच गोष्ट सांगत नसतो, असे आम्ही वर्गात सांगतो.

वैद्यकशास्त्रही दीर्घकाळ हेच मानत होते. १९७२ साली ड्रॅकमन आणि हार्ट ह्यांनी अमेरिकेत १२५ रुग्णांच्या अभ्यासावरून चकरेचे चार प्रकार मांडले: भोवतालचे फिरणे, शुद्ध हरपेलसे वाटणे, तोल जाणे आणि ह्यांपैकी कशातच न बसणारे काहीतरी. त्यानंतर डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरून गेला: 'नेमके काय वाटते?' रुग्णाने 'फिरते' म्हटले की संशय कानावर, 'अंधारी' म्हटले की रक्तदाबावर किंवा हृदयावर. निदान शब्दावर उभे होते.

२००७ साली न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी तातडीच्या उपचारासाठी आलेल्या रुग्णांना तोच प्रश्न काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा विचारला. जवळजवळ निम्म्यांचे उत्तर बदलले. मात्र चक्कर किती वेळ टिकते आणि काय केल्यावर येते, ह्याविषयीची त्यांची उत्तरे त्या मानाने स्थिर राहिली.

हे आम्ही वाचले ते आमच्या विभागातले एक निवृत्त सर न्यूमोनियासाठी रुग्णालयात होते तेव्हा. सरांनी आयुष्यभर व्याकरण शिकवले. तरीही सकाळी सिस्टरांना त्यांनी 'भोवळ' सांगितली, दुपारी डॉक्टरांना 'गरगरते' आणि संध्याकाळी आम्हांला 'डोके रिकामे वाटते'. 'वयोमानाने अशक्तपणा आहे' असे म्हणून एक सलाईन लावले गेले. सर मात्र उठून बसायलाच घाबरू लागले होते.

रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कसे वाटते हे विचारलेच नाही. 'काका, किती वेळ टिकते? आणि काय केल्यावर येते?' सर म्हणाले, 'कुशीवर वळलो की. अर्धा मिनिट असेल.' बाईंनी आधी निजवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण तिथे असते. तो उतरला नाही. मग सरांची मान ४५ अंशांत वळवून त्यांना झटकन मागे निजवले. सरांची बुबुळे लयीत उडू लागली, थोड्या वेळाने थांबली. आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरल्याची ही खूण. ही तपासणी डिक्स आणि हॉलपाइक ह्यांनी १९५२ साली वर्णिली. ते कण मूळ जागी परतवणारी एप्लींची पद्धत १९९२ सालची. मान एका ठरावीक क्रमाने वळवायची, प्रत्येक स्थितीत थोडे थांबायचे. काही मिनिटांचे काम, औषध नाही.

चक्कर तासन्‌तास अखंड राहिली असती, तर प्रश्न वेगळा होता. मग मेंदूतल्या पक्षाघाताची शंका घ्यावी लागते. पहिल्या दोन दिवसांत एमआरआयही कधी फसवतो आणि जाणत्या हाताने केलेली डोळ्यांच्या हालचालींची तपासणी अधिक बोलते. 'अशक्तपणा' हा शब्द तिथे जिवावर बेततो.

शब्दांवर पोट भरणाऱ्या आम्हांला ह्यात आधी पराभव दिसला. विचार केल्यावर तसे वाटेनासे झाले. सरांचे नाम तीनदा बदलले, पण 'वळलो की' हे त्यांचे छोटे कालदर्शक गौणवाक्य ठाम राहिले. आजारी माणसाला आपल्या संवेदनेचे नाव अचूक सांगता येईलच असे नाही. ती केव्हा आली आणि केव्हा गेली, हे तो सांगू शकतो. भाषा तिथे निकामी झाली नव्हती. तिला विचारायचा प्रश्न बदलायचा होता.