इथिओपियाचा गोठा, नायजेरियाची तेलविहीर

लोकसंख्येने आफ्रिकेत पहिला नायजेरिया आणि दुसरा इथिओपिया. या दोघांत मिथेनचे उत्सर्जन कोणाचे अधिक वेगाने वाढले, हे सांगणारे तक्ते माझ्यापुढे वारंवार येतात. हरितगृह वायूंचा हिशेब हेच माझे काम असल्याने ते मला अस्वस्थ करतात. दोन्ही रेषा एकाच कागदावर असतात, पण त्या एका मापाने काढलेल्या नसतात.

गाईगुरांच्या संख्येत इथिओपिया आफ्रिकेत अव्वल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सुमारे ३ कोटी गुरे होती; २०२०-२१ च्या पाहणीत ती ७ कोटींवर गेली. कोठीपोटात चारा आंबतो, तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि तो ढेकरांवाटे बाहेर पडतो. गुरागुराच्या तोंडाशी जाऊन हा वायू मोजणे शक्य नाही. म्हणून प्राथमिक पद्धतीत आयपीसीसी या हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीचे ठरीव गुणांक वापरतात. २००६ च्या मार्गदर्शिकेत आफ्रिकेतल्या दुभत्या गाईला वर्षाला ४६ किलो आणि इतर गुराला ३१ किलो धरले आहेत. भारतीय उपखंडासाठी हेच आकडे ५८ आणि २७. डोकी मोजायची आणि गुणायचे. ४ कोटी गुरे वाढली की ३१ च्या हिशेबाने सुमारे १२ लाख टन मिथेन कागदावर चढतो. दुष्काळात वैरण संपून गुरे हडकली, तरी हा आकडा जागचा हलत नाही. शिवाय अनेक पाहण्यांत अफार आणि सोमाली प्रदेशांतले भटक्या पशुपालकांचे काही विभाग वगळलेले असत. असे विभाग पुढे मोजणीत आले, तर जी वाढ दिसते तिचा काही भाग गोठ्यातला नसून गणनेतला असू शकतो.

नायजेरियाची गोष्ट वेगळी. तिथेही गुरे आहेत, भातशेती आहे, लागोसचा ओलुसोसुनसारखा अवाढव्य कचरा डेपो आहे. पण माझे लक्ष नायजर त्रिभुज प्रदेशावर खिळते. १९५६ मध्ये ओलोइबिरीला तेल सापडले. तेलाबरोबर वर येणारा वायू साठवण्याची सोय नसल्याने तो तिथेच जाळला जाऊ लागला. हे जाळणे थांबवण्यासाठी १९७९ मध्ये कायदा झाला, १ जानेवारी १९८४ ही मुदत ठरली. ज्वाला आजही पेटत्या आहेत.

हिशेबाची खरी अडचण या ज्वालांत आहे. वायू नीट जळला तर मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि ९८ टक्के वायू जळतोच असे सर्रास गृहीत धरतात. अमेरिकेतल्या तेलक्षेत्रांवर विमानांतून घेतलेल्या मोजमापांत, विझलेल्या ज्वालाही धरून, प्रत्यक्ष प्रमाण ९१ टक्क्यांच्या आसपास निघाले. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे न जळता सुटणारा मिथेन २ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर, साडेचारपट! नायजेरियात ज्वलन घटल्याचे उपग्रह सांगतात, तेव्हा मला हाच प्रश्न पडतो. उपग्रह रात्रीचा उजेड टिपतो. ज्योत विझली की त्याच्या नोंदीत ज्वलन कमी होते, वायू मात्र सुटतच राहतो. २०१७ पासून सेंटिनेल-५पी हा युरोपीय उपग्रह मिथेनच मोजतो, पण त्रिभुज प्रदेशावर ढग इतके की त्याला स्वच्छ दिवस फार थोडे मिळतात.

आता या दोन वाढींची तुलना टक्क्यांत कशी करायची? त्यापेक्षा वाढ रोखता कशी येईल ते पाहावे. इथिओपियाच्या पठारावर टेफ या धान्याचे शेत आजही बहुतांशी बैलजोडीच नांगरते. दुष्काळात विकायला हाताशी असते ते जनावरच. चांगला चारा, लसीकरण आणि संख्येने कमी पण अधिक दूध देणारी गुरे हा तिथला मार्ग आहे, आणि त्याला बरीच वर्षे लागतील. तेलविहिरीवरच्या झडपेची गळती मात्र काही दिवसांत बंद करता येते, आणि वाचलेला वायू विकताही येतो. नायजेरियाच्या तेल-नियामकाने नोव्हेंबर २०२२ मध्ये गळती शोधून दुरुस्त करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती प्रत्येक विहिरीवर पाळली जाणे महत्त्वाचे. मिथेन हवेत सुमारे १२ वर्षे टिकतो, पण २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. दोन्ही देशांच्या वाढीचा टक्का उद्या अगदी सारखा निघाला, तरी पहिला जाब तेलविहिरीलाच विचारला पाहिजे.