मामांचा बिस्किटांचा डबा

टूवूंबा हे नाव आमच्या घरात आले ते मामेबहिणीला तिथे नोकरी लागली म्हणून. ब्रिस्बेनच्या पश्चिमेला सुमारे 125 किलोमीटरवर, डोंगराच्या कडेवर वसलेले हे गाव. 1950 पासून दर वर्षी तिथे फुलांचा उत्सव भरतो. 1876 साली इथल्या ज्यूंनी आपली मशीद बांधली होती (आमची जुनी माणसे सिनेगॉगला मशीदच म्हणत). आज मिनियानला दहा पुरुष हवेत तर ब्रिस्बेन गाठावे लागते. आमच्या मोठ्या मामांनी आयुष्यभर पेणला फोटो स्टुडिओ चालवला आणि शेवटची वर्षे लेकीकडे या गावात काढली.

स्टुडिओवाला म्हणजे लग्नाचे फोटो काढणारा, असे तुम्हाला वाटेल. मामांनी शाळांचे ग्रुप फोटो काढले, गणपतीच्या कारखान्यांसाठी मूर्तींचे नमुने टिपले, आणि पोलिसांचे बोलावणे आले की अपघाताच्या जागा आणि बेवारस प्रेतेसुद्धा. अशा दिवशी मामी त्यांना आधी न्हाणीघरात पाठवी, मग चहा. धंदा मंद असला की ते तसबिरी मढवत. पुढे झेरॉक्सचे मशीन घेतले. रिटचिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून ते देवीचे व्रण बुजवत. त्यामुळे कितीतरी मुलींची लग्ने जमली असे मामी म्हणे, आणि मामा म्हणत, मोडली किती ते विचारू नका. शनिवारी दुकान बंद. लग्नसराईतसुद्धा बंदच.

पण आपल्या लोकांना त्यांची आठवण असेल ती पासपोर्ट फोटोंसाठी. 1948 नंतर पेण, रोहे, आपटे इथली घरे एकामागून एक इस्राएलला निघाली. लहान मुले आईच्याच पासपोर्टवर जात, म्हणून बाईच्या मांडीवर पोर असे. 1962 मध्ये तिथल्या रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नांसाठी पिढ्यांची चौकशी करण्याचा हुकूम काढला, तेव्हा काहींनी काढून नेलेले फोटो ट्रंकेत ठेवून दिले. 1964 मध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत समान आहोत असे जाहीर केल्यावर मामांकडे पुन्हा गर्दी झाली. मामा पैसे पुरते घेत, पण प्रत्येकाची एक प्रत जादा काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही.

मी टूवूंबाला गेले ती वेगळ्याच कामासाठी. आमच्या आजीचा एकच फोटो निघाला होता, लग्नातला, आजोबांच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यावर, काचेच्या प्लेटवर. कागदावरची प्रत वाळवीने खाल्ली. प्लेट मामांकडे असणार या भरवशावर मी इतका प्रवास केला.

मामा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बाय, ती मी धुतली."

त्या काळी फिल्म परवान्याशिवाय बाहेरून येत नसे, उटीच्या कारखान्याची 'इंदू' यायची होती, धंदा बसला होता आणि काच महाग. म्हणून त्यांनी आजोबांच्या सगळ्या प्लेटा गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून खरवडल्या आणि ती काच तसबिरींना लावली. असे अनेक स्टुडिओवाल्यांनी केले आहे, हे मला माहीत होते. तरी मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. याची आज लाज वाटते, पण रागही अजून पुरता गेलेला नाही. आपली आजी कुणाच्या तरी भिंतीवर, कुठल्याशा देवाच्या तसबिरीपुढे आरपार होऊन बसली आहे, असे मनात येते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी तो डबा माझ्यापुढे ठेवला. कपडे कमी करून त्यांनी तो विमानातून आणला होता. आम्ही आठवडाभर बसलो. ते नाव सांगत, मी मागे लिही. कधी नाव आठवत नसे, पण "ह्याची डावी बाजू चांगली नव्हती" हे आठवे.

मामा गेले. डबा माझ्याकडे आहे. सतरा चेहरे अजून बिननावाचे आहेत. त्यांतली एक बाई नऊवारीत, डाव्या भुवईवर तीळ, मांडीवरचे पोर हलल्यामुळे पुसट आलेले. मागे मामांच्या अक्षरात फक्त "रोहे, दोन प्रती" एवढेच आहे. कुणी ओळखत असेल तर मला कळवा.