मूठ ओळखीची, नजर परकी

अर्धस्वयंचलित पिस्तुलात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र त्यानंतर रिकामे कवच बाहेर फेकणे, घोडा, म्हणजे काडतुसाला ठोसा देणारा भाग, पुन्हा चढवणे आणि मॅगझीनमधले पुढचे काडतूस नळीच्या मागील कप्प्यात, म्हणजे चेंबरमध्ये, ढकलणे ही तिन्ही कामे पिस्तूल स्वतःच उरकते. नेमबाजीच्या खेळातील ५.६ मिलिमीटर, अर्थात .२२ लाँग रायफल काडतुसाच्या पिस्तुलात ही व्यवस्था अगदी साधी असते. काडतुसातील वायूचा दाब कवचाला मागे रेटतो, कवच बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागे रेटते, बोल्ट स्प्रिंग दाबत मागे जातो आणि स्प्रिंग त्याला पुढे आणताना नवे काडतूस सोबत घेऊन येते. गोळी झाडून झाल्यावर हाताला काहीच करावे लागत नाही, ही या यंत्राची सोय आहे आणि त्याचा धोकाही तिथेच आहे. कारण मॅगझीनमध्ये काडतूस शिल्लक असेल तर प्रत्येक झाडलेल्या गोळीनंतर पिस्तूल पुन्हा पूर्ण सज्ज झालेले असते, मग नेमबाजाच्या ते ध्यानात असो वा नसो.

अशा पिस्तुलावर काम करणाऱ्याला दोन परस्परविरोधी गोष्टी साधाव्या लागतात. पिस्तूल हाताला इतके बसवायचे, की नेमबाजाला ते हातात असल्याची आठवणही राहू नये, हा या कसबाचा एक अर्धा भाग. आणि त्याच पिस्तुलाकडे प्रत्येक वेळी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे संशयाने पाहायचे, हा दुसरा. पहिला भाग सवय घडवतो, तर दुसरा सवयीवर विश्वास ठेवू देत नाही. हे कसब शिकणारे बहुतेकजण पहिल्या भागात रमतात, कारण त्यातली प्रगती निशाण्याच्या कागदावर दिसते. दुसऱ्या भागाचे यश मात्र काहीच न घडण्यात असते, आणि न घडलेल्या गोष्टीचे गुण कोणत्याही फलकावर लागत नाहीत.

महाराष्ट्रात या हत्याराची खेळातील ओळख मुख्यतः महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराने रुजवली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत या प्रकारात पुण्याच्या अनिसा सय्यद यांनी वैयक्तिक सुवर्ण, तर कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी रौप्य मिळवले आणि दोघींनी मिळून जोडीचे सुवर्णही जिंकले. राही यांनी २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे विश्वचषकाचे सुवर्ण पटकावले, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या प्रतिस्पर्ध्याशी ३४ गुणांवर बरोबरी झाल्यानंतर शूटऑफमध्ये बाजी मारून त्या नेमबाजीत आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. या प्रकारात प्राथमिक फेरीच्या ६० गोळ्यांपैकी ३० संथ टप्प्यात, पाच मिनिटांत पाच अशा झाडायच्या असतात, तर उरलेल्या ३० वेगवान टप्प्यात, जिथे प्रत्येक गोळीसाठी हात खालच्या तिरक्या स्थितीतून उचलून केवळ तीन सेकंदांत नेम साधून चाप ओढावा लागतो. तीन सेकंदांत मूठ पुन्हा जुळवून घ्यायला वेळ नसतो. म्हणून मुठीवरचे सगळे काम त्याआधी, कार्यशाळेतच संपलेले असावे लागते.

पायातली कोल्हापुरी वहाण रोजच्या चालण्याने हळूहळू पायाच्या आकाराची होते, पण पिस्तुलाची अक्रोडाच्या लाकडाची मूठ आपण होऊन हाताला बसत नाही. ती कानस, सँडपेपर आणि लाकडी लुकण यांनी थोडी थोडी घडवावी लागते. तळहाताचा फुगीर भाग कुठे टेकतो, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खोबण नळीच्या रेषेच्या किती जवळ पोहोचते, मधल्या बोटाचा दाब सरळ मागे येतो की तिरका, हे पाहत पाहत जिथे जास्त दाब येतो तिथले लाकूड घासायचे आणि जिथे पोकळी राहते तिथे लुकण भरायचे, असा हा क्रम असतो. तर्जनी लाकडाला मुळीच घासता कामा नये, कारण ती घासली तर चाप ओढताना पिस्तूल बाजूला ढकलले जाते. मूठ बसली की नाही हे पाहण्याची जुनी पद्धत अशी, की रिकाम्या, तपासलेल्या पिस्तुलासह निशाण्यासमोर उभे राहायचे, डोळे मिटून हात नेहमीसारखा उचलायचा आणि मग डोळे उघडायचे. पुढचा साइट, म्हणजे नेम धरायचे पाते, मागच्या साइटच्या खाचेत आपोआप मधोमध उभा दिसला तर मूठ हाताची झाली, अन्यथा लाकूड अजून शिल्लक आहे.

या स्वातंत्र्याला आंतरराष्ट्रीय नियमांची कुंपणे आहेत. २५ मीटरच्या पिस्तुलाची नळी १५३ मिलिमीटरहून लांब असू नये, पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर २२० मिलिमीटरहून अधिक असू नये, वजन १४०० ग्रॅमच्या आत असावे आणि सगळे पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या मापपेटीत मावावे, अशी ही बंधने आहेत. मुठीचा कोणताही भाग हाताला वेढा घालणारा नसावा, अंगठ्याला वर हलायला मोकळीक असावी आणि मनगट पूर्णपणे उघडे दिसावे, हेही त्यात येते. मनगटाला आधार देणारी मूठ सोपी ठरली असती, पण मग तो खेळ हाताचा न राहता लाकडाचा झाला असता.

साइटचे काम त्याहून सूक्ष्म असते. या प्रकारात दुर्बिणीचे साइट चालत नाहीत. पुढे एक चौकोनी पाते आणि मागे एक चौकोनी खाच, एवढीच साधने असतात. पाते खाचेपेक्षा थोडे अरुंद ठेवतात, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या रेघा दिसतात आणि त्या सारख्या आहेत की नाहीत हे डोळ्याला चटकन कळते. या सारखेपणाची किंमत साध्या त्रैराशिकाने काढता येते: दोन साइटमधले अंतर २२० मिलिमीटर असताना पुढचे पाते एक मिलिमीटर सरकले, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर सरकते. संथ टप्प्याच्या निशाण्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो, म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने दहा गुणांची गोळी सहाच्या कड्यात जाऊन पडते. याउलट साइट बिनचूक जुळलेले असतील आणि सगळा हातच एक मिलिमीटर हलला, तर गोळी एक मिलिमीटरच हलते. म्हणूनच जाणता प्रशिक्षक निशाणा थोडा धूसर दिसला तरी चालेल, पण साइट स्वच्छ दिसले पाहिजेत, असे सांगतो आणि खाचेची रुंदी नेमबाजाच्या डोळ्याप्रमाणे ठरवतो.

चापाकडे वळताच हे कसब अधिक जबाबदारीचे होते. चाप ओढला की आत एक बारीक कड सुटते. याच कडेने चढवलेला घोडा अडवून धरलेला असतो. खेळाच्या पिस्तुलात चापाचा प्रवास दोन टप्प्यांत असतो, पहिला मऊ आणि दुसरा स्पष्ट अडणारा, आणि कारखान्यानेच दिलेल्या स्क्रूंनी हे टप्पे ठराविक मर्यादेत बदलता येतात. २५ मीटरच्या पिस्तुलाचा चाप किमान १००० ग्रॅमचा असावा असा नियम आहे, तर १० मीटरच्या हवाई पिस्तुलासाठी ही मर्यादा ५०० ग्रॅमची. स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत नळी उभी धरून चापाच्या मधोमध नेमके वजन टांगतात आणि ते जमिनीवरून उचलून पाहतात. वजन उचलले जाताना चाप सुटला नाही तर पिस्तूल उत्तीर्ण, आणि यासाठी जास्तीत जास्त तीन संधी मिळतात. हा नियम निव्वळ बरोबरीच्या लढतीसाठी नाही. घोडा अडवणारी कड गरजेपेक्षा हलकी केली किंवा ती झिजली, तर बोल्ट जोराने पुढे आदळताना घोडा तिथे टिकत नाही, आणि एका चापाला दोन गोळ्या सुटण्याचा किंवा हादऱ्याने गोळी उडण्याचा संभव निर्माण होतो. म्हणून स्क्रू फिरवणे हे नेमबाजाचे काम, पण त्या कडेला कानस लावणे हे नव्हे.

भारतीय कायदाही हीच सीमारेषा आखतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे हत्यार बाळगण्यास परवाना लागतोच, शिवाय हत्यार तयार करणे, त्याच्या रचनेत बदल करणे, ते दुरुस्त करणे किंवा त्याची चाचणी घेणे यांसाठीही वेगळा परवाना लागतो आणि बंदुकीची नळी परवान्याशिवाय आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. मूठ घासणे, साइट जुळवणे आणि स्वच्छता करणे हे मालकाचे अंगण आहे. नळी, बोल्ट आणि चापाची आतली यंत्रणा ही परवानाधारक कारागिराची हद्द आहे.

आता कसबाचा दुसरा अर्धा भाग. पिस्तूल रिकामे करताना क्रम पाळावा लागतो, आणि तो क्रम म्हणजे केवळ शिस्तीची बाब नव्हे, तो यंत्राच्या रचनेतूनच निघतो. नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवून आधी मॅगझीन काढायचे, मग बोल्ट मागे ओढून धरायचा, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचे आणि अंधार असेल तर करंगळीने चाचपायचे. हा क्रम उलटला, म्हणजे आधी बोल्ट ओढून चेंबर मोकळे केले आणि नंतर मॅगझीन काढले, तर मधल्या क्षणी पुढे आलेल्या बोल्टने नवे काडतूस चेंबरमध्ये सारलेले असते. रिकामे समजलेल्या पिस्तुलातून गोळी सुटण्याचे एक नेहमीचे कारण हेच: मॅगझीन हातात दिसते म्हणून पिस्तूल रिकामे वाटते, पण नळीतले काडतूस मॅगझीनला विचारून बसत नाही. खेळाच्या मैदानावर म्हणूनच रिकाम्या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग, म्हणजे बाहेरून दिसणारी प्लॅस्टिकची पट्टी, घालावी लागते. ती नेमबाजासाठी कमी आणि शेजाऱ्यांसाठी जास्त असते. आपल्या हत्याराबद्दलचा पुरावा इतरांना दिसेल असा ठेवणे हा या खेळाचा शिष्टाचार आहे.

.२२ च्या काडतुसाची आणखी एक खोड लक्षात ठेवावी लागते. त्याची पेटवणारी दारू कवचाच्या कडेत भरलेली असते आणि फायरिंग पिन, म्हणजे घोड्याचा ठोसा काडतुसापर्यंत पोहोचवणारी दांडी, त्या कडेवर आदळते. रिकाम्या पिस्तुलाचा चाप पुन्हा पुन्हा ओढला, तर काही पिस्तुलांत ही दांडी थेट चेंबरच्या काठावर आपटून तो काठ चेपवते, म्हणून कोरड्या सरावासाठी बनावट काडतूस किंवा पिस्तुलातलीच खास सोय वापरतात. चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर नळी निशाण्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याची वाट पाहायची. घाईने बोल्ट उघडायचा नाही, कारण क्वचित दारू उशिराही पेटते. केवळ अडीच ग्रॅमच्या आसपासची ही गोळी मैदानाच्या २५ मीटरवर थांबते ती मातीच्या भिंतीमुळे. मोकळ्यावर ती एक किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते.

अहिल्यानगरहून करंजी घाटातून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या तिसगावसारख्या बाजाराच्या गावात या विद्येचा विचार वेगळ्या अंगाने करावा लागतो. अशा गावात २५ मीटरच्या मैदानाची सोय गृहीत धरता येत नाही, पण एखाद्या शाळेच्या लांब खोलीत १० मीटरचे हवाई पिस्तूल शिकवता येते, आणि ठराविक मर्यादेच्या आतील हवाई पिस्तुलाला परवाना लागत नसला तरी शिकवणीची सुरुवात तपासणीपासूनच व्हायला हवी. दुसरीकडे, ज्या घरात परवान्याचे हत्यार आहे तिथे ते एरवी कपाटात असते आणि खंडेनवमीला पुसून, तेल देऊन पूजेला मांडले जाते. पूजेच्या पाटावर हत्यार ठेवण्यापूर्वी ते उघडून पाहणे हा त्या पूजेचाच पहिला विधी मानला पाहिजे, कारण पाटाभोवती सगळे घर, पोरेबाळेही, गोळा झालेली असतात. लष्करातून निवृत्त होऊन गावी परतलेल्यांना ‘जाँच शस्त्र’ हा हुकूम ठाऊक असतो. त्या हुकुमाचे सार एवढेच, की हत्यार रिकामे असल्याचे जवानाने सांगायचे नसते, तर अधिकाऱ्याला दाखवायचे असते. निवडणुकीच्या आचारसंहितेत अनेक परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, तेव्हाही नियम तोच. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडण्याला शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली, तीही वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, या साध्या विज्ञानावर उभी आहे.

तपासणी केवळ अपघात टाळण्यासाठी असते, असेही मानण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या १० मीटर हवाई पिस्तूल प्रकारात मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुणांसह त्या बाराव्या राहिल्याने अंतिम फेरी हुकली. हत्यार कितीही निगुतीने ठेवलेले असले तरी ते दगा देऊ शकते, आणि अशा वेळी नेमबाजाजवळ उरते ती पुन्हा पहिल्यापासून शांतपणे पाहण्याची सवय. प्रत्येक सत्रानंतर नळीतला शिशाचा थर काढणे, स्प्रिंगचा ताण पाहणे, मुठीचे स्क्रू आवळणे आणि चापाचे वजन पुन्हा टांगून पाहणे या कंटाळवाण्या कामांतून ती सवय तयार होते.

या कसबाची मेख इथेच आहे. मूठ जितकी हाताची होते, तितका हात निर्धास्त होतो, आणि निर्धास्त हाताला चेंबर पाहण्याची गरज वाटेनाशी होते. म्हणजे सानुकूल करण्याचे काम उत्तम साधले, की सुरक्षिततेला नेमका तिथेच धोका वाढतो. त्यामुळे अनुभवी नेमबाजाची परीक्षा त्याच्या गुणांवरून जशी करता येते, तशीच एका क्षुल्लक प्रश्नावरूनही करता येते: दुसऱ्याने नुकतेच रिकामे करून दाखवलेले पिस्तूल हातात घेतल्यावर तो ते पुन्हा उघडून पाहतो की नाही. जो पाहतो, तो समोरच्यावर अविश्वास दाखवत नाही; आपल्या हाताची ओळख आपल्या डोळ्यांच्या साक्षीची जागा घेऊ शकत नाही, एवढेच तो जाणतो. ज्याला हे उमगले, त्याच्या हातीच घडवलेली मूठ द्यावी.