रकाने भरणारी प्राध्यापक

गुन्हेगारीशास्त्र शिकवते म्हटलं की नातेवाईक विचारतात, "म्हणजे पोलिसांत का?" दहशतवादावर संशोधन करते म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. खरं तर माझं काम बरंचसं कारकुनी. हल्ला कुठे झाला, कधी, कोणी केला, किती माणसं गेली, बातमी कितपत भरवशाची, असे रकाने भरण्यात उमेदीची वर्षं गेली.

देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून मी मेरीलँड विद्यापीठात गेले ती बालगुन्हेगारीवर पीएच.डी. करायला. तिथे गॅरी लाफ्री आणि लॉरा ड्यूगन हे दोघे जगभरच्या दहशतवादी हल्ल्यांची नोंदवही उभी करत होते. मूळ साठा एका खासगी सुरक्षा कंपनीचा. १९७० पासून १९९७ पर्यंतचे हल्ले कागदी कार्डांवर उतरवलेले, खोकीच्या खोकी. ती संगणकावर चढवली गेली आणि पुढे नव्या वर्षांची भर पडत नोंदी दोन लाखांवर गेल्या. मी त्या कामाला लागले ते शिष्यवृत्ती पुरेना म्हणून. विषय मागाहून चिकटला.

बाहेरून सोपं वाटतं, पण 'एक हल्ला' म्हणजे काय यावरच आमची तासन्‌तास जुंपायची. नियम असा, की जागा आणि वेळ एकच असेल तर एक नोंद, नाहीतर वेगळी. म्हणजे २६/११ ही मुंबईकराला एकच घटना. आमच्याकडे मात्र सीएसटी वेगळं, लिओपोल्ड वेगळं, ताज वेगळं, आणि त्या एकमेकांशी संबंधित असल्याची खूण एका कोपऱ्यातल्या रकान्यात. मला हा नियम पटतो. आईला आजही पटलेला नाही.

या नोंदवहीत एक वर्षच नाही. १९९३ ची कार्डं आमच्या हाती यायच्या आधीच गहाळ झालेली. देशवार बेरजा कशाबशा जमवून परिशिष्टात दिल्या आहेत, पण एकेका हल्ल्याची ओळ नाही. सहकाऱ्यांच्या दृष्टीने ही आलेखातली खाच. मी दादरची. १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोट झाले: शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, आमच्या घराजवळचं प्लाझा चित्रपटगृह. २५७ माणसं गेली. माझ्या प्रत्येक लेखात या खाचेबद्दल तळटीप असते. एका परीक्षकाने ती अनावश्यक ठरवली होती. मी काढली नाही.

मोजदाद कशासाठी, याचं उत्तर मला २००९ च्या एका लेखाने दिलं. लाफ्री, ड्यूगन आणि रेवन कोर्टी यांनी उत्तर आयर्लंडमधले ब्रिटिश सरकारचे १९६९ ते १९९२ या काळातले सहा मोठे उपाय तपासले. प्रत्येक उपायानंतर नव्या हल्ल्याचा धोका घटला की वाढला? स्पष्ट घट दिसली ती एकट्या ऑपरेशन मोटरमन या लष्करी कारवाईनंतर. एकंदरीत पारडं उलट बाजूलाच झुकलं, दडपशाहीने चिडून हल्ले वाढण्याच्या. चोरी-दरोड्याला लावायची मोजपट्टी त्यांनी दहशतवादाला लावली, म्हणून हे दिसलं. 'हे युद्ध आहे' म्हटलं की अशी तपासणी कोणी मागतच नाही.

हा लेख मी पुण्यात पोलीस अधिकाऱ्यांपुढे मांडला तेव्हा सभागृहात चुळबुळ सुरू झाली. एक जण उठून म्हणाले, "मॅडम, मग आम्ही हातावर हात ठेवून बसायचं का?" मी मोटरमनकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, तिथे सैन्य किती उतरवलं होतं ते बघा. मुद्दा बिनतोड होता. चहाच्या वेळी त्यांनी लेखाची प्रत मागून घेतली आणि विचारलं, "गडचिरोलीचं असं कोणी करून बघितलंय का?"

सध्या तेच करतेय, गडचिरोलीतल्या नक्षलवादी हल्ल्यांची मोजदाद. इंग्रजी बातमी 'भामरागडजवळ' एवढ्यावर भागवते. जिल्ह्याच्या मराठी आवृत्तीत गावाचं नाव असतं, कधी पाड्याचंही. त्यामुळे नागपूरला आले की जुने अंक मागवून बसते. धूळ फार असते, आणि काही महिन्यांचे गठ्ठे वाळवीने खाल्लेत.